गृहसंगणकीय संगीतमुद्रण

घरगुती वापराच्या लहान संगणकावर गायन-वादन मुद्रित करणे, मुद्रित ध्वनीची कापणी-जोडणी करणे आणि अनेक ध्वनी एकत्र मिसळून त्यांपासून एक रचना सिद्ध करणे, या क्रियांना गृहसंगणकीय संगीतमुद्रण म्हणतात. ज्याने ध्वनिमुद्रणाचे तांत्रिक शिक्षण घेतलेले नाही अथवा ज्याला स्वरलेखन अवगत नाही, अशा नवशिक्यालाही हे काम करता यावे, या हेतूने तयार झालेल्या आज्ञावल्या १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी प्रचारात येऊ लागल्या आणि २००४ च्या सुमारास त्यांचे स्वरूप बहुतांशी स्थिर झाले. या दोन दशकांत ध्वनिमुद्रण हे केवळ कंपनीचे आणि स्टुडिओचे काम न राहता हौशी माणसाच्या हाती आले. तथापि प्रत्येक आज्ञावलीत ‘संगीत म्हणजे काय’ याविषयीचे एक गृहीतक अंतर्भूत असते. हे गृहीतक बहुधा पाश्चात्त्य संगीतावरून घेतलेले असल्यामुळे भारतीय, आणि विशेषतः मराठी लोकसंगीताच्या दृष्टीने या सर्व आज्ञावल्या सारख्याच उपयुक्त ठरल्या नाहीत. ज्या आज्ञावल्या सर्वांत साध्या होत्या, त्याच ओवी, गोंधळ व भजन यांना अधिक मानवल्या, असे त्यांच्या इतिहासावरून दिसून येते.

पूर्वपीठिका : टॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ हे यंत्र तयार केले, तर एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीवर मुद्रण करणाऱ्या ग्रामोफोनचे एकस्व मिळविले. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग हे १९०२ मध्ये कलकत्त्यास आले व तेव्हापासून भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास प्रारंभ झाला. तबकडीच्या एका बाजूस सु. तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. त्यामुळे ख्यालाचा विस्तार आणि नाट्यपदातील आलापी यांना कात्री लावावी लागे. यंत्राची मर्यादा संगीताच्या घाटावर कसा परिणाम करते, याचे हे पहिले मोठे उदाहरण होय. तसेच कोणाचे गाणे मुद्रित व्हावे हा निर्णय सर्वस्वी कंपनीच्या हाती होता. जात्यावर ओवी म्हणणारी स्त्री किंवा देवीच्या दारी संबळ वाजविणारा गोंधळी यांना त्या व्यवहारात क्वचितच स्थान मिळाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फितीचा प्रसार झाला. फीत कापून जोडता येत असल्याने चुकलेला भाग वगळणे शक्य झाले. एकाच फितीवर समांतर पट्टे घेऊन एकेक वाद्य स्वतंत्रपणे मुद्रित करण्याची बहुपट्टी पद्धतीही याच काळात विकसित झाली. या पट्ट्यास ‘ट्रॅक’ असे म्हणतात. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये पुढे आणलेली छोटी कॅसेट ही या प्रवासातील पुढची पायरी होती. भारतात १९८० नंतरच्या दशकात कॅसेटचा धंदा झपाट्याने वाढला. देवीची गाणी, भारुडे, कीर्तने, भीमगीते यांच्या कॅसेट जत्रांतून व बसस्थानकांवरील दुकानांतून विकल्या जाऊ लागल्या आणि प्रादेशिक गायकांना प्रथमच मोठा श्रोतृवर्ग लाभला. जपानी टॅस्कम कंपनीने १९७९ मध्ये ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटवर चार पट्टे स्वतंत्रपणे मुद्रित करण्याची सोय त्यात होती. पुढे संगणकाच्या पडद्यावर अवतरलेली मुद्रण, थांबा, मागे, पुढे ही बटणे मूळची फीतयंत्राचीच. फीतयंत्राची ही ओळखीची प्रतिमा जशीच्या तशी पडद्यावर आणली गेल्यामुळेच नवशिक्याची संगणकाविषयीची भीती कमी झाली.

तांत्रिक तत्त्व : संगणकाने संगीत निर्माण करण्याचा महत्त्वाचा प्रारंभिक प्रयोग मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केला. मात्र तेव्हाचा संगणक एक खोली व्यापणारा होता. गृहसंगणकापुढील मुख्य अडचण साठवणक्षमतेची होती. अंकीय मुद्रणात ध्वनिलहरीची उंची ठराविक कालांतराने मोजून ती अंकांच्या रूपाने साठवितात. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या काँपॅक्ट डिस्कसाठी हे मापन दर सेकंदाला ४४,१०० वेळा करावे, प्रत्येक माप १६ बिटांत लिहावे आणि डाव्या-उजव्या बाजूंसाठी दोन स्वतंत्र मापे घ्यावीत, असे ठरले. या हिशेबाने एका सेकंदाच्या संगीतास १,७६,४०० बाइट जागा लागते, म्हणजे एका मिनिटास एक कोटी बाइटांहून अधिक. १९८३ मध्ये आयबीएम कंपनीने आणलेल्या ‘एक्सटी’ या वैयक्तिक संगणकाची हार्ड डिस्क १० मेगाबाइटांची होती. तीत या दर्जाचे एक मिनिटाचेही संगीत मावले नसते. १·४४ मेगाबाइटांच्या फ्लॉपीवर तर जेमतेम आठ सेकंद बसत.

या अडचणीतून दोन वाटा निघाल्या. पहिल्या वाटेने प्रत्यक्ष ध्वनी न साठविता केवळ स्वर कोणता, केव्हा व किती वेळ वाजवायचा एवढ्या सूचनाच साठविण्यात आल्या. दुसऱ्या वाटेने ध्वनीच साठविण्यात आला, परंतु त्यासाठी त्याचा दर्जा उतरविण्यात आला. दर सेकंदाला २२,०५० मापे, प्रत्येक माप ८ बिटांत आणि दोनऐवजी एकच बाजू, असा संक्षेप केला की एका फ्लॉपीवर मिनिटभराचा आवाज मावे. मात्र ८ बिटांत ध्वनीच्या उंचीच्या केवळ २५६ पायऱ्या व्यक्त होतात, तर १६ बिटांत ६५,५३६. त्यामुळे अशा मुद्रणात सूक्ष्म स्वरांबरोबर एक खरखर ऐकू येत असे. पुढील सर्व आज्ञावल्या या दोन वाटांपैकी एकीच्या अथवा दोहोंच्या मिश्रणाच्या आहेत.

सूचनाप्रधान आज्ञावल्या : १९८२ मध्ये आलेल्या कमोडोर ६४ या संगणकात बॉब यानेस यांनी आराखडलेली तीन स्वरांची ध्वनिचकती होती. ॲपल २ या संगणकासाठी विल हार्वी या शालेय विद्यार्थ्याने तयार केलेली ‘म्युझिक कन्स्ट्रक्शन सेट’ ही आज्ञावली १९८३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने प्रसिद्ध केली. पडद्यावरील पाच रेषांवर स्वरचिन्हे उचलून ठेवली की संगणक ती धून वाजवून दाखवी. वाद्य न येणाऱ्या मुलाला रचना करता यावी, हा तिचा हेतू होता. कार्स्टन ओबार्स्की यांनी १९८७ मध्ये अमिगा संगणकासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ ही आज्ञावली तयार केली. तीत लहान लहान मुद्रित ध्वनी चार उभ्या स्तंभांत मांडून वाजवीत. यामुळे ध्वनी आणि सूचना या दोहोंचा मिलाफ झाला.

भारतात या काळात गृहसंगणक फारच थोड्या घरांत होते. शासनाने १९८४ मध्ये सुरू केलेल्या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पाद्वारे निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश बनावटीचा संगणक पोहोचला. त्याच्या बेसिक भाषेत ध्वनी निर्माण करण्याच्या सोप्या आज्ञा होत्या. मराठी विद्यार्थ्यांपैकी काहींची संगणकाच्या स्वराशी पहिली ओळख झाली ती या वर्गांतून.

निरनिराळ्या कंपन्यांची विद्युत् वाद्ये आणि संगणक एकमेकांशी जोडता यावेत, म्हणून १९८३ मध्ये ‘मिडी’ हा समाईक संकेत अमलात आला. त्याच वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेतील एका व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल व रोलंड या दोन कंपन्यांची वाद्ये परस्परांना जोडून त्याचे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले. मिडीत एकूण १२८ स्वरस्थाने असून ती अर्ध्या स्वराच्या समान अंतरावर असतात. अटारी एसटी (१९८५) या संगणकात मिडीची जोडणी मुळातच दिलेली असल्याने तो संगीतकारांच्या विशेष पसंतीस उतरला. जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीची ‘प्रो-२४’ (१९८६) व ‘क्यूबेस’ (१९८९) आणि अमेरिकेतील ग्रेग हेंडरशॉट यांची ‘केकवॉक’ (१९८७) या आज्ञावल्यांनी डावीकडून उजवीकडे सरकणारी कालरेषा आणि तिच्यावर एकाखाली एक मांडलेले पट्टे ही रचना रूढ केली. वादकाची लय किंचित मागे-पुढे झाल्यास आज्ञावली प्रत्येक स्वर जवळच्या मात्रेवर आपोआप आणून बसवी. नवशिक्याला ही मोठी सोय वाटे, कारण अडखळत वाजविलेली धूनही तिच्यामुळे सफाईदार भासे.

ध्वनिप्रधान आज्ञावल्या : सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर’ हे ध्वनिपत्रक १९८९ मध्ये आले आणि सामान्य वैयक्तिक संगणकाला मायक्रोफोन जोडण्याची सोय झाली. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज ३·१ (१९९२) या प्रणालीबरोबर ‘साउंड रेकॉर्डर’ ही छोटी आज्ञावली विनामूल्य मिळे. काळ्या पट्टीवर उमटणारी ध्वनीची हिरवी रेषा, फीतयंत्रासारखी पाच बटणे, वेग वाढविणे-कमी करणे, प्रतिध्वनी देणे आणि ध्वनी उलटा वाजविणे, एवढेच तिचे भांडवल होते. एका वेळी ती साधारणतः ६० सेकंदच मुद्रण करीत असे. असे असले तरी अनेकांनी संगणकावर स्वतःचा आवाज प्रथम ऐकला तो याच आज्ञावलीतून.

सुरुवातीची ध्वनिपत्रके एकाच वेळी वाजविणे आणि मुद्रित करणे ही दोन्ही कामे करू शकत नसत. त्यामुळे आधी मुद्रित केलेला पेटीचा सूर ऐकत त्यावर गाणे मुद्रित करणे शक्य नव्हते. ही त्रुटी दूर झाल्यावर घरच्या घरी बहुपट्टी मुद्रण करता येऊ लागले. व्यावसायिकांसाठी डिजिडिझाइन कंपनीची ‘प्रो टूल्स’ १९९१ मध्ये आली. मात्र तिच्यासोबत घ्यावी लागणारी यंत्रसामग्री हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. ती उणीव डेव्हिड जॉन्स्टन यांच्या ‘कूल एडिट’ने भरून काढली. ही आज्ञावली आधी वापरून पाहावी व पसंत पडल्यास पैसे पाठवावेत, अशा तत्त्वावर वाटली जाई. विनामूल्य आवृत्तीत एका वेळी मोजकेच गुण निवडता येत. उदा., खरखर कमी करण्याची सोय निवडली, तर दुसऱ्या काही सोयी त्या बैठकीपुरत्या बंद राहत. शांत क्षणाचा नमुना घेऊन तेवढीच खरखर संपूर्ण मुद्रणातून वजा करण्याची तिची युक्ती जुन्या फिती व तबकड्या स्वच्छ करण्यास विशेष उपयोगी पडली. २००३ मध्ये अडोबी कंपनीने ही आज्ञावली विकत घेतली व तिचे नाव ‘ऑडिशन’ असे ठेवले.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक माझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ च्या सुमारास ‘ऑडॅसिटी’ या आज्ञावलीस प्रारंभ केला. २००० मध्ये ती खुली करण्यात आली. ती विनामूल्य तर होतीच, शिवाय तिची मूळ संहिता कोणासही पाहता व बदलता येत होती. शाळा, ग्रंथालये आणि लोकसाहित्याचे संग्राहक यांच्यात तिचा प्रसार होण्यामागे हेच मुख्य कारण होय.

आवर्तनप्रधान आज्ञावल्या : १९९५ नंतर तिसरा एक प्रकार लोकप्रिय झाला. ‘लूप’ या नावाने ओळखले जाणारे आवर्ती ध्वनिखंड आज्ञावलीबरोबरच तयार मिळत. वापरणाऱ्याने ते विटांप्रमाणे एकावर एक रचायचे, एवढेच काम उरे. ‘डान्स ई-जे’ (१९९७) आणि ‘ॲसिड’ (१९९८) ही याची उदाहरणे होत. ‘ॲसिड’मध्ये निरनिराळ्या लयींचे खंड आपोआप एका लयीत येत. बेल्जियममधील दिदिए दांब्रें यांची ‘फ्रूटीलूप्स’ १९९७ च्या अखेरीस अवतरली व २००३ पासून ‘एफएल स्टुडिओ’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या मूळ पडद्यावर प्रत्येक वाद्यासाठी सोळा चौकटींची एक ओळ असे. जी चौकट दाबावी तेथे आघात होई. ॲपल कंपनीने जानेवारी २००४ मध्ये ‘गॅरेजबँड’ सादर केली. सूचना, प्रत्यक्ष ध्वनी आणि तयार आवर्तने हे तिन्ही प्रकार नवशिक्याला समजेल अशा एकाच पडद्यावर तीत एकत्र आले. नवशिक्यांच्या आज्ञावलीची घडण येथे बहुतांशी पूर्ण झाली, असे म्हणता येईल.

भारतीय संगीताच्या दृष्टीने विचार : या आज्ञावल्यांतील गृहीतके तीन प्रकारची आहेत. पहिले, सप्तकात बारा समान स्थाने असतात. दुसरे, लय चार मात्रांच्या सारख्या खंडांत विभागलेली असते. तिसरे, रचना प्रथम लिहिली व मागाहून वाजविली जाते. हिंदुस्थानी संगीताशी या तिन्हींचा मेळ बसत नाही. दरबारी कानड्यातील आंदोलित गंधार हा एका स्थानावर उभा राहणारा स्वर नव्हे. मिंडेत तर दोन स्वरांमधील वाटच महत्त्वाची असते. मिडीत स्वर वाकविण्याची सोय आहे, परंतु नेहमीच्या जोडणीत ती एका वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदमच लागू होते. सोळा चौकटींची ओळ त्रितालाच्या सोळा मात्रांशी किंवा केरवा व भजनी ठेक्याच्या आठ मात्रांशी जुळते. दादऱ्याच्या सहा, रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रांसाठी मात्र मूळ मांडणी मोडावी लागते. नवशिका ती सहसा मोडीत नाही. परिणामी आज्ञावलीला जे सोपे तेच अधिक रचले जाते.

आज्ञावली संगीताप्रमाणे घडविण्याचे प्रयत्नही झाले. फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ बर्नार बेल यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात ॲपल २ या संगणकावर ‘बोल प्रोसेसर’ तयार केला. लखनौ घराण्याचे तबलावादक उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे शिकणारे संगीताभ्यासक जिम किपन यांच्या सहकार्याने हे काम झाले. या आज्ञावलीत पाच रेषांच्या ऐवजी धा, तिर, किट असे तबल्याचे बोलच लिहिले जात. कायद्याचा विस्तार कोणत्या नियमांनी होतो, याचे एक व्याकरण तिला पुरविण्यात येई. तिने रचलेले पलटे योग्य की अयोग्य, याचा निवाडा वादकाने करावयाचा व त्यानुसार व्याकरण सुधारावयाचे, अशी पद्धत होती. संगीतज्ञाच्या मौखिक परंपरेस प्रमाण मानून यंत्राला दुरुस्त करण्याचा हा प्रयत्न म्हणून त्याचे महत्त्व आहे. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेत सुवर्णलता राव व विम व्हॅन डर मेर यांनी रागगायनाच्या मुद्रणांवरून स्वराच्या चढउताराची वक्ररेषा संगणकाकरवी काढून ती गाण्याबरोबर पडद्यावर सरकताना दाखविली. स्वर हा बिंदू नसून रेषा आहे, हे या आलेखांवरून सामान्य श्रोत्यासही उमगते.

जात्यावरील ओव्यांचे मुद्रण : महाराष्ट्रात संगणक व लोकसंगीत यांचा सर्वांत व्यापक संबंध जात्यावरील ओव्यांच्या संग्रहात आला. पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेचे गी पॉइट्व्हें आणि हेमा राईरकर यांनी १९८० नंतरच्या दशकात या ओव्या गोळा करण्यास प्रारंभ केला. घरोघरी पिठाच्या गिरण्यांचे दळण येऊ लागल्याने पहाटेचे जाते थांबत चालले होते आणि जात्याबरोबर ओवीही. एक हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेण्यात आल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार बेल या कार्यात सामील झाले. त्यांच्या साहाय्याने ओव्यांची संगणकीय सूची तयार झाली आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण करण्यात आले. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने २०१७ पासून हा संग्रह क्रमाक्रमाने प्रसिद्ध केला. परभणी जिल्ह्यातील ताडकळस आणि बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील स्त्रियांनी गायिलेल्या ओव्या त्यात आहेत. माजलगावच्या ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयीच्या ओव्यांचा विशेषत्वाने समावेश होतो.

ओवीच्या मुद्रणात आज्ञावलीची कसोटी लागते. ओवीची ओळ मात्रांनी नव्हे, तर श्वासाने आणि जात्याच्या फेऱ्याने मोजली जाते. दाणे जाड असतील तर खुंटा जड फिरतो आणि ओळ लांबते. सोबतीण ओळीच्या मध्येच सूर धरते. पाठीमागची घरघर ही या गाण्याची साथ असते. मात्रेवर आणून बसविणारी आज्ञावली या ओळीची लय मोडून टाकील आणि खरखर वजा करणारी युक्ती जात्यालाच पुसून टाकील. अशा मुद्रणास लागते ती केवळ ध्वनी जसाच्या तसा घेणारी, लांबीची मर्यादा नसलेली आणि कोठेही न सुधारणारी आज्ञावली. ‘ऑडॅसिटी’सारखी साधी साधने येथे उपयोगी पडतात ती याच कारणाने.

मराठवाड्यातील स्थिती : लातूर जिल्ह्यातील रेणापूर हे तालुक्याचे गाव तेथील रेणुकादेवीच्या मंदिरामुळे प्रसिद्ध आहे. रेणुका व तुळजाभवानी यांच्या उपासनेशी निगडित असलेले गोंधळी व आराधी यांचे गायन हा लातूर-नांदेड भागातील संगीताचा एक प्रमुख प्रवाह होय. संबळ, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने गोंधळ्याचे कथन रात्रभर चालते. त्यात गद्य आणि गीत यांची सरमिसळ असते व श्रोत्यांच्या प्रतिसादानुसार प्रसंग लांबविला वा आटोपता घेतला जातो. याखेरीज वारकरी भजन, भारूड, शाहिरी आणि जलशांच्या परंपरेतून आलेली भीमगीते हे प्रवाहही या भागात समृद्ध आहेत. हे सर्व संगीत मुंबई-पुण्याच्या स्टुडिओपासून शेकडो किलोमीटर दूर होते. स्टुडिओचे भाडे, प्रवास आणि बुडणारी मजुरी यांचा विचार करता बहुतेक कलावंतांना मुद्रण परवडणारे नव्हते. आकाशवाणीच्या प्रादेशिक केंद्रांनी ही उणीव काही अंशी भरून काढली, परंतु तेथेही वेळेची मर्यादा होतीच.

२००० नंतर संगणकाच्या किंमती उतरल्या आणि तालुक्याच्या गावांतून छायाचित्रण, लग्नपत्रिका व टंकलेखन यांच्या दुकानांत संगणक आले. त्यांतील काहींत मायक्रोफोन जोडून गाणी मुद्रित होऊ लागली. एमपी३ या संक्षिप्त स्वरूपामुळे एका मिनिटाचे गाणे सु. एक मेगाबाइटात मावू लागले. मोबाइल दूरध्वनीच्या मेमरी कार्डावर गाणी भरून देणारी दुकाने हे त्याच्या वितरणाचे साधन बनले. याच काळात मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांसाठी आवर्तनप्रधान आज्ञावल्यांचा वापर वाढला. जुन्या गीताचा मुखडा घेऊन त्याखाली ठराविक ठेका जोडण्याची पद्धत रूढ झाली. हलगी व संबळ यांचे आघातही लहान ध्वनिखंडांच्या रूपाने त्यात आले. या तरुण रचनाकारांनी परकी आज्ञावली आपल्या वाद्यांना वाकविली, हे त्यांचे श्रेय होय. मात्र संबळवादक कथनाच्या ओघात जी लय वाढवीत नेतो, ती सारख्या चौकटींत बसत नाही. वाद्याचा नाद टिकला, पण त्याची चाल सुटली, अशी ही स्थिती आहे.

जतनाचा प्रश्न : स्वस्त मुद्रणाबरोबर स्वस्त विस्मरणही आले. गृहसंगणकीय मुद्रणांचा मोठा भाग आज वाचता येत नाही अथवा सापडत नाही. याची कारणे तीन आहेत. फ्लॉपी व लिहिण्याजोग्या तबकड्या काही वर्षांत खराब होतात आणि त्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आहेत. अनेक आज्ञावल्यांची फाइल केवळ त्याच आज्ञावलीत उघडते, त्यामुळे आज्ञावली बंद पडताच पट्ट्यांची मांडणी हरवते. एमपी३ स्वरूपात मुद्रण केल्यास ध्वनीचा जो अंश टाकला जातो, तो पुन्हा मिळविता येत नाही. याउलट १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी पुढे आणलेल्या ‘वेव्ह’ या साध्या स्वरूपातील फाइल आजही कोणत्याही संगणकावर वाजते.

तथापि जतनाची सर्वांत मोठी उणीव तांत्रिक नाही. बहुसंख्य घरगुती मुद्रणांच्या फाइलींवर गायकाचे नाव, गाव व दिनांक यांची नोंदच नसते. ‘नवीन’, ‘देवी १’, ‘गाणे फायनल’ अशा नावांच्या फाइली संग्राहकांच्या हाती येतात आणि आवाज कोणाचा, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. ओव्यांच्या संग्रहाचे मोल केवळ संख्येत नाही. प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव आणि तालुका नोंदविण्याची दक्षता त्यात घेतली गेली, यात ते आहे. ग्रामोफोनच्या काळात तबकडीवरील चिठ्ठीने हे काम केले होते. काही गायिका तर गाण्याच्या शेवटी आपले नाव स्वतः उच्चारीत. गृहसंगणकाने मुद्रणाचे साधन सर्वांच्या हाती दिले, पण नाव लिहिण्याची सवय दिली नाही. ती सवय लावून घेणे शाळा, ग्रंथालये आणि भजनी मंडळे यांना सहज शक्य असून त्यासाठी कोणत्याही नव्या आज्ञावलीची आवश्यकता नाही.